धाकटीच्या सामन्याची कॅसेट

धाकटीचं पत्र आलं तेव्हा मी ड्यूटीवरून नुकतीच घरी आले होते आणि आई आतल्या खोलीत डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिला चार दिवस झाले होते. दुसऱ्या डोळ्यानं आधीच काही दिसत नव्हतं. गावी, खाप्याला, ती एकटी राहायची, पट्टी सुटेपर्यंत तिथं जमणार नव्हतं, म्हणून मी तिला नागपूरला, जरीपटक्यातल्या माझ्या घरी आणलं होतं. तिला आणण्यात माझं प्रेम फार होतं असं नाही. दुसरं कोणी नव्हतं. धाकटी पुण्याला.

पत्र मी उभ्यानंच वाचलं. धाकटी राज्याच्या खो-खो संघात होती, राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा सामना खेळून आली होती, आणि तो सामना येत्या रविवारी दुपारी टीव्हीवर दाखवणार होते. 'आईला आत्ता पाहता येणार नाही, म्हणून तू रेकॉर्ड करून ठेव. चांगल्या मशिनवर कर, स्पष्ट दिसायला हवं. एकदाच दाखवणार आहेत. तुला तिथे सगळं माहीत असतं,' असं तिनं लिहिलं होतं. पुण्याला गेल्यापासून ती 'मले' सोडून 'मला' लिहायला लागली होती. तेही मला खुपायचं.

आईनं विचारलं, "कोणाचं पत्र व्हय?"

"तुह्या लाडकीचं," मी म्हटलं आणि वाचून दाखवलं.

आई पट्टीखालीच हसली. "टीव्हीवर दाखवून राहिले तिले? मले पाहाचं आहे वं. तू भरून ठेव कॅसेटीत. चष्मा आला का पहिले तेच पाहीन."

आता मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं ते कळणार नाही.

खाप्याला आमच्या घरी हातमाग होता. बाबा मागावर बसायचे, आई आणि आम्ही दोघी बहिणी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायचो. शाळा सुटली की मी मैदानावर जायची. खो-खो मी आधी खेळायला लागले. धाकटी माझ्या मागे मागे यायची, शेवटी मीच तिला पाटीत, खो मिळायची वाट पाहणाऱ्यांच्या ओळीत, बसवलं, खांबावर सूर कसा मारायचा ते मीच शिकवलं. तिचे गुडघे फुटले की हळद मीच लावायची. मी कॉलेजात आणि ती दहावीत असताना नागपूरला निवड झाली आणि महिन्याभराच्या शिबिराचं पत्र आलं. दोघींचीही नावं होती.

आई म्हणाली, "एक जण घरी लागते. कांड्या कोण भरन?"

मी म्हटलं, "मग तिले ठेव. ते लहान आहे, ते जाईन पुढच्या वर्षी."

"तुहं तर जमलंच आहे आता. लगन झाल्यावर कोणता सासरा तुले चड्डी घालून धावू देईन?"

माझं लग्न ठरलं होतं, हे खरं होतं. बाबांनी मागावरून मान वर केली नाही. धाकटी माझी पेटी घेऊन एसटीत बसली, कारण तिला स्वतःची पेटी नव्हती. तिथून ती परत आलीच नाही म्हणायचं. शिबिर, मग संघ, मग पुण्याची बँकेतली नोकरी. मी कांड्या भरल्या, लग्न करून नागपूरला आले, परीक्षा देऊन टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागले. नवरा कन्हानला कोळसा खाणीच्या ऑफिसात जायचा, चांगला माणूस होता. त्यानं मला धावू दिलं असतं की नाही हे कळायची वेळच आली नाही.

तर त्या आठवड्यात मी चौकशीला निघाले. काम म्हणून जेवढं करायचं तेवढं मी नीट करायची, ती माझी सवय.

आमच्या भागात रेकॉर्डिंग करून देणारे दोनच होते. एक बाजारातला केबलवाला. त्याचं दुकान म्हणजे एक अंधारी खोली, आत दोन व्हीसीआर आणि भिंतभर कॅसेटी. तिथून निघालेल्या काळ्या वायरी छपराछपरावरून, चिंचेच्या झाडातून, विजेच्या खांबाला वेटोळे घालत घरोघरी गेल्या होत्या. आमच्याकडेही एक आली होती. दुपारी एक सिनेमा आणि रात्री एक. मी गेले तेव्हा त्यानं मागच्या रविवारी भरून ठेवलेली क्रिकेटची मॅच लावून दाखवली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. प्रत्येक खेळाडूच्या बाजूला त्याचीच फिकट सावली उभी होती, म्हणजे मैदानावर दुप्पट माणसं.

"बॉल कुठं आहे?" मी विचारलं.

"बॉल कोण पाहते ताई? स्कोर पाहा लागते," तो म्हणाला. "हे स्लोवर घेतलं आहे ना. एका कॅसेटीत डबल बसते. हेड पण घासले आहेत थोडे. चालते सगळं."

दुसरा होता मागच्या गल्लीतला म्हातारा. त्याचं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं होतं. दुकान बंद केल्यावर त्यानं घराच्या गच्चीवर लोखंडी सळ्या वाकवून, त्यांच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून एक भली मोठी डिश उभी केली होती. गल्लीतले लोक तिला उलटी छत्री म्हणायचे आणि हसायचे. म्हाताराही काही कमी नव्हता. केबलवाल्याची वायर त्याच्या गच्चीवरून गेली होती, ती त्यानं पकडीनं कापली होती, आणि भर बाजारात दोघांची आईबहीण निघाली होती. तेव्हापासून म्हातारा त्या रस्त्यानं जाईनासा झाला होता.

"चप्पल बाहेर," त्यानं मला दारातच सांगितलं. "आणि त्या चोराकडून आला असाल तर परत जा."

"दोन्हीकडे पाहून ठरवणार आहे," मी म्हटलं.

हे त्याला आवडलं असावं. त्यानं मला खुर्ची दिली, डिशवरून येणारं चित्र लावलं. बातम्या चालू होत्या. मी पाहतच राहिले. बातम्या देणारीच्या पदराचा काठ दिसत होता, आणि त्या काठातली करवत दिसत होती, एकेक दात वेगळा. आमच्या घरी बाबा तसाच काठ विणायचे. मी म्हटलं, "हा काठ आमच्याकडचा आहे."

"पाहा. त्या चोराच्या वायरीतून तुम्हाला साडीचा रंग तरी दिसला असता का? त्याचं चित्र आधीच खराब येते, मग तो त्याच्यातून शंभर घरांना वाटते. मी सरळ वरून घेतो. मधात कोणी नाही." मग त्यानं व्हीसीआरवर भरलेलं चित्रही दाखवलं. जवळजवळ तसंच होतं. "कोणाचा सामना आहे?"

"बहिणीचा. आईला दाखवायचा आहे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे."

"मग विचार काय करता बाई? रविवारी बाराच्या आधी कोरी कॅसेट आणून द्या. बाकी मला काही नको."

मी "बघते" म्हणून उठले. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तो काठ होता. इतकं स्वच्छ चित्र. त्यात धाकटीचा चेहरा येणार, कपाळावरचा घाम येणार, खांबावर मी शिकवलेला सूर येणार, आणि आई तो चेहरा हातभर अंतरावरून पाहणार, पुन्हा पुन्हा लावायला सांगणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार. भाड्यानं व्हीसीआर आणून, माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा शब्द मी उगाच वापरत नाही, कानशिलं खरंच तापली होती.

मी घरी गेले नाही. सरळ बाजारात गेले आणि केबलवाल्याला सांगितलं, "रविवारचा सामना तूच घे."

"नवी कॅसेट आणता का माह्याजवळची जुनी लावू?"

"जुनी लाव."

"स्लोवर घेऊ?"

"स्लोवरच घे," मी म्हटलं.

रविवारी मी एका मैत्रिणीची ड्यूटी मागून घेतली आणि दिवसभर लोकांचे ट्रंककॉल जोडत बसले. संध्याकाळी घरी आले तर आई पलंगावर उठून बसली होती. माझ्या नवऱ्यानं तिच्यासाठी टीव्ही लावून दिला होता आणि तिनं पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी सगळा सामना ऐकला होता.

"चारदा नाव घेतलं तिचं," आई म्हणाली. "मीनं मोजलं. जिंकले वं ते! भरलं ना तू?"

"भरलं."

दीड महिन्यानं तिचा चष्मा आला. जाड, फुगीर भिंगांचा. तो लावून तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, "केवढी वाळली तू," म्हणाली. मग खिडकीतून रस्त्यावरच्या सायकली मोजल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचून दाखवले, चुकले नाहीत. दुपारी मी केबलवाल्याला सामना लावायला सांगून आले. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. दुकानात कॅसेट लागायची आणि वायरीतून घरी दिसायची.

चित्र आलं. मुंग्या, सावल्या, आणि खालच्या बाजूला बाजारातल्या साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत होती. मैदानाच्या मधोमध पाटीत बसलेल्या मुली म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. आई टीव्हीच्या अगदी जवळ सरकली.

"हेच ना माही?" तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

ती धाकटी नव्हती. धाकटी पलीकडे खांबाजवळ होती. तिची धाव मला मुंग्यांतूनही ओळखू आली असती, कारण ती माझीच धाव होती.

"हो," मी म्हटलं.

आईनं त्या ठिपक्यावरून हात फिरवला. मग तो ठिपका उठून धावला, दुसऱ्यांत मिसळला, आणि आईला तो पुन्हा सापडेना. "सगळ्या सारख्याच दिसून राहिल्या," ती म्हणाली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पुन्हा काढला. कॉमेंट्रीत धाकटीचं नाव आलं तेव्हा ती सगळ्या पडद्यावर शोधत राहिली.

"डोळा गेला वाटते माहा," ती शेवटी म्हणाली. "बाकी दिसते, अन् पोरगीच दिसत नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं की डोळा चांगला आहे, चित्र खराब आहे. एवढंच वाक्य. मी ते बोलले नाही. मी उठून टीव्ही बंद केला आणि भाजी चिरायला घेतली.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत ती विसरेल. तिनं चष्मा डबीत घालून ठेवला. भिंतीला हात लावत न्हाणीघरात जायला लागली, ऑपरेशनच्या आधी जायची तशी. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे व्हायचं होतं, त्याचं मी विचारलं तर म्हणाली, "काहून फाडाचा तोही? राहू दे." आणि म्हणाली, "मले खाप्याले नेऊन दे. कांड्या भराले डोळा नाही लागत, बोटाले समजते."

ती कांड्यांबद्दल बोलली आणि मला पहिल्यांदा माझी भीती वाटली. राग होताच. पण राग धाकटीवर होता, आईवरही होता, आणि त्या रागापायी एक बाई आंधळी नसताना आंधळ्यासारखी चाचपडत होती. पाचव्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या दारात गेले.

"आल्या?" तो म्हणाला. बसा म्हणाला नाही. "रविवारी साडेबारापर्यंत मी दारात उभा होतो."

"तुम्ही घेतला का सामना?"

"घेतला. माझ्याच कॅसेटवर घेतला. तुमच्यासाठी नाही घेतला. त्या चोराचं चित्र आणि माझं चित्र शेजारी ठेवून कोणाला तरी दाखवायचं होतं."

मी कॅसेट मागितली. त्यानं साफ नाही म्हटलं. कॅसेट घराबाहेर जाणार नाही. आईला इथं आणा, आणि येताना केबलवाल्याची कॅसेटही घेऊन या. मग माझ्याकडे रोखून पाहत त्यानं विचारलं, "त्याचं चित्र पाहून आला होता, माझं याच खुर्चीत बसून पाहिलं. मला वाटलं होतं तुम्हाला दिसते."

त्या क्षणी तो माणूस मला केबलवाल्यापेक्षाही जास्त नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी मी आईला हाताला धरून घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. "काय दिसणार आहे मले," म्हणत होती. चष्मा मीच तिच्या डोळ्यांवर चढवला. म्हाताऱ्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि कॅसेट लावली.

पाटीतल्या मुली पाठमोऱ्या आणि तोंडासमोर, एकाआड एक बसल्या होत्या. आईनं विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. तिनं पाठमोऱ्या मुलींतल्या तिसरीकडे बोट केलं. "हे पाहा! तसंच बसते ते, एक खांदा खाली करून."

मुलगी उठून वळली. धाकटीच होती.

"भाऊ, थांबवा थांबवा!" आई ओरडली. म्हाताऱ्यानं चित्र थांबवलं. "गुडघ्याले पट्टी आहे तिच्या. पाहा वं, लागलं आहे तिले. पत्रात लिहिलं नाही तिनं." ती हसत होती, रडतही होती, आणि चष्म्याखाली बोट घालून डोळे पुसत होती. "डोळा चांगला आहे माहा. मीनं उगाच त्या डॉक्टरले बोल लावला."

सामना संपेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले. धाकटी चांगली खेळली. माझ्याहून चांगली खेळली, आणि ते मला त्या स्वच्छ चित्रात पुरेपूर पाहावं लागलं.

मग म्हाताऱ्याला राहवलं नाही. त्यानं माझ्या पिशवीतली केबलवाल्याची कॅसेट काढून लावली. तोच सामना, तीच धाव, मुंग्यांनी भरलेली. "आता हे पाहा आई. हे त्या चोराचं. फरक कळला? त्याचं पाहूनच तुमची मुलगी माझ्याकडे आली होती, माझंही पाहिलं तिनं. याच खुर्चीत. तिनं साडीचा काठसुद्धा ओळखला."

आई पडद्याकडे पाहत होती. ती हळूच वळली. "इनं दोन्ही पाहिलं होतं?"

"हो तर. सामन्याच्या आधीच."

आईनं हात जोडून म्हाताऱ्याचा निरोप घेतला. रस्त्यावर आल्यावर मी हात पुढे केला तर तिनं धरला नाही. चष्मा लावून ती आपली आपण चालली, गटारावरची फरशी पाहून ओलांडली. चिंचेच्या झाडापाशी ती थांबली.

"काहून केलं वं?"

"तुले माहीत नाही?" मी म्हटलं. "पत्रात दोघींचं नाव होतं. तू मले जाऊ देलं नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले होते. मला वाटलं ती म्हणेल, चुकलं माझं. किंवा म्हणेल, घर कसं चाललं असतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या भिंगांतून तिचे डोळे दुप्पट मोठे दिसायचे, आणि त्यांच्यापासून तोंड लपवायला जागा नसायची.

"मंग मले शिव्या द्याच्या होत्या," ती म्हणाली. "तोंडावर द्याच्या होत्या. मी पाच दिवस आंधळी होऊन बसली, अन् तू भाजी चिरून राहिली होती."

"तू बारा वर्षं पाहिलं नाही माह्याकडे. मी पाच दिवस नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आई खाप्याला गेली. मी डबा भरून दिला होता, तो ओट्यावरच राहिला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, तिला करमत नव्हतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं पुढच्या वर्षी केलं. नागपूरलाच केलं. पण त्यासाठी तिनं धाकटीला पुण्याहून बोलावून घेतलं आणि पट्टी असेपर्यंत दोघी धर्मशाळेत राहिल्या. माझं घर तिथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर होतं. मी दोनदा भेटायला गेले. आई बोलली, चहा विचारला, नवऱ्याची चौकशी केली. धाकटी मला पाहून उठली आणि गळ्यात पडली.

"ताई, आई सगळ्यांना सांगते, सामना इतका स्पष्ट दिसला की माझ्या गुडघ्याची पट्टी दिसली. तूच केलंस ना ते रेकॉर्डिंग?"

मी आईकडे पाहिलं. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा उघडा होता.

"हो," आई म्हणाली. "तिनंच दाखवलं मले."

तिनं हे माझ्यासाठी केलं की धाकटीसाठी, ते मला तेव्हाही कळलं नाही. मला एवढंच कळलं की आता मला तिचे उपकार मानावे लागणार, आणि ते मला जमणार नव्हतं. धाकटी पुण्याच्या गोष्टी सांगायला लागली. मी आणलेली केळी काढून खाटेवर ठेवली, पिशवीची घडी घातली आणि ड्यूटी आहे म्हणून निघाले. त्या दिवशी माझी सुट्टी होती.